करंबळ ते कॅरम : उत्तम फटक्याचा इतिहास

महालात संध्याकाळी बडकस चौकाकडून कोतवालीच्या बाजूला निघाले, की एखाद्या गल्लीच्या तोंडाशी किंवा जुन्या वाड्याच्या ओसरीवर कॅरमचा बोर्ड मांडलेला अजूनही दिसतो. वर दिवा टांगलेला, चौघे बसलेले आणि दहाबारा उभे. खेळणाऱ्यांपेक्षा पाहणाऱ्यांचा आवाज मोठा. एखाद्या पोराने स्ट्रायकर समोरच्या कडेवर आपटून, मग बाजूच्या कडेवरून फिरवून सोंगटी पाडली, की ‘वा बे!’ असा पुकारा होतो. दुसरा एखादा खेळाडू, बहुधा वयाने मोठा, भोकाच्या तोंडाशी बसलेली स्वतःची सोपी सोंगटी तशीच ठेवतो आणि गर्दीत अडकलेली दुसरीच सोंगटी हलक्या हाताने काढतो. तेव्हा कोणीच काही बोलत नाही. डाव संपता संपता मात्र भोकाच्या तोंडाशी राखून ठेवलेली ती सोंगटीच निकाल लावते.

या दोन फटक्यांतला उत्तम कोणता? पाहणाऱ्यांनी पहिल्याला कौल दिलेला असतो. आमचा कौल दुसऱ्याकडे आहे. पण तो द्यायचा कशाच्या आधारावर, याचा विचार करू लागलो तेव्हा आम्हांला महालाच्या ओसरीवरून उठून बरेच लांब जावे लागले. सेंट लुईस, लंडन, जबलपूर, कलकत्ता असा तो फेरा आहे. त्या फेऱ्याच्या शेवटी आम्ही पुन्हा त्याच बोर्डापाशी आलो, एवढेच आधी सांगून ठेवतो.

सुरुवात शब्दापासून केलेली बरी, कारण हा शब्दच एक मोठा प्रवासी आहे. कॅरम हे नाव आम्हांला इतके घरचे वाटते, की त्याचे मूळ शोधावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. बिलियर्डच्या खेळात आपल्या चेंडूने एकापाठोपाठ दुसऱ्या दोन चेंडूंना स्पर्श केला, तर त्या फटक्याला इंग्रजीत ‘कॅरम’ म्हणतात. हा फ्रेंच ‘कारांबोल’ आणि स्पॅनिश ‘काराम्बोला’ या शब्दांचा संक्षेप आहे. फ्रेंच खेळात कारांबोल हे तांबड्या चेंडूचे नाव होते. इंग्लंडात त्याच शब्दाचा आणखी अपभ्रंश होऊन ‘कॅनन’ झाला. त्याचा तोफेशी काही संबंध नाही.

आता गंमत अशी, की काराम्बोला हे पोर्तुगीज भाषेत एका फळाचेही नाव आहे. पाच धारांचे, आंबट, आडवे कापले की चांदणीसारखे दिसणारे हे फळ. कोकणात त्याला करमर म्हणतात, आमच्या नागपुरात हिंदीच्या वळणाने कमरख. गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या वनस्पतिविषयक ग्रंथात या फळाचा उल्लेख केला आहे आणि नाव मलबारकडचे असल्याचे सांगितले आहे. मोल्सवर्थच्या मराठी कोशात ‘करंबळ’ हे त्याचे मराठी नाव नोंदलेले आहे, आणि पुढच्या अनेक इंग्रजी कोशांनी पोर्तुगीज शब्दाचे मूळ म्हणून हे मराठी रूपच दिले आहे. मुळाशी संस्कृत ‘कर्मरंग’. फळाचे नाव तांबड्या चेंडूला मिळाले, असे काही कोशकार सुचवतात. काहींना ते केवळ उच्चारसाम्य वाटते. पहिले मत खरे मानले, तर पश्चिम किनाऱ्यावरून निघालेला एक शब्द लिस्बन, पॅरिस आणि लंडन अशा तीन कडांना लागून पुन्हा मराठी ओसरीवर येऊन थांबला असे म्हणावे लागेल. तीन कडांचा फटका म्हणतात तो हाच.

तीन कडांचा, म्हणजे ‘थ्री-कुशन’चा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नाही, म्हणून त्याची थोडी ओळख करून देणे भाग आहे. कॅरम-बिलियर्डच्या टेबलाला भोके नसतात. चेंडू तीनच. आपल्या चेंडूने उरलेल्या दोघांना लागायचे, एवढाच मूळ खेळ. तो दिसायला अवघड असला, तरी एकोणिसाव्या शतकातल्या निष्णात खेळाडूंनी त्यातली मेख हेरली होती. दोन्ही चेंडू हळूहळू कडेशी आणायचे आणि त्यांना एकमेकांजवळ ठेवून, नुसते गोंजारल्यासारखे करीत गुण घेत राहायचे. १८७९ साली जेकब शेफर या अमेरिकन खेळाडूने अशा रीतीने एकाच डावात ६९० गुण केले. प्रेक्षकाला काय दिसले? एक माणूस कडेशी वाकून चेंडूंना सारखा टोचतो आहे, इतकेच. मग टेबलावर रेषा आखण्यात आल्या आणि रेषांनी बनलेल्या चौकटीत ठरावीक गुणांपलीकडे थांबता येणार नाही असा नियम झाला. ‘बॉकलाइन’ नावाचा प्रकार निघाला तो असा.

त्याच दशकात दुसरा एक उपायही पुढे आला होता. आपल्या चेंडूने दुसऱ्या चेंडूला लागण्यापूर्वी कमीत कमी तीन वेळा कडेला लागलेच पाहिजे. वेमन मॅक्रीरी या गृहस्थाने हा प्रकार सेंट लुईस शहरात रुळवला, आणि तिथेच जानेवारी १८७८ मध्ये त्याची पहिली स्पर्धा झाली. ती लिऑन मॅग्नस याने जिंकली. साऱ्या स्पर्धेत एका डावातली सर्वोच्च धाव होती ६ गुणांची, आणि सर्वांत चांगली सरासरी होती डावाला ०.७५ गुण. शेफरचे ६९० आणि इथले ६. एकाच प्रकारचे टेबल, तेच तीन चेंडू, आणि नियमाच्या एका ओळीने पडलेला हा फरक.

या ०.७५ कडे जरा थांबून पाहिले पाहिजे. चुकेपर्यंत खेळत राहायचे, असा डावाचा नियम आहे. म्हणजे प्रत्येक डावाच्या शेवटी एक चूक ठरलेलीच. डावाला पाऊण गुण, म्हणजे चार डावांत तीन गुण. चार चुका आणि तीन यशस्वी फटके. सातातले चार फटके वाया. आज या खेळातले जगातले अग्रगण्य खेळाडू डावाला दोन गुणांच्या आसपास सरासरी राखतात. तोच हिशेब केला, तर तीन फटक्यांत दोन यश आणि एक चूक. दीडशे वर्षांची साधना, टेबलाच्या कडांवरच्या खुणांवरून मांडलेली गणिते, तापवून कोरडे ठेवलेले टेबल, एवढे सगळे करूनही जगातला श्रेष्ठ खेळाडू दर तिसऱ्या फटक्याला चुकतो. उत्तम फटका कोणता, या प्रश्नाची गुरुकिल्ली आम्हांला या हिशेबात सापडली.

थ्री-कुशनचा खेळाडू टेबलापाशी येतो तेव्हा त्याच्यासमोर एक मार्ग नसतो, अनेक असतात. दोनपैकी कोणत्या चेंडूला आधी लागायचे, त्याच्या डावीकडून की उजवीकडून, किती जाड किंवा पातळ, क्यूने चेंडूला कोणत्या अंगाने फिरकी द्यायची, हळू की जोरात. यातून निवडताना तो स्वतःला चार प्रश्न विचारतो. पहिला : लक्ष्य केवढे आहे? चेंडू कोपऱ्याजवळ असेल तर त्याला थेटही लागता येते आणि पलीकडच्या कडेवरून परत येतानाही लागता येते. म्हणजे तो आहे त्यापेक्षा मोठा होतो. या खेळात अशा चेंडूला ‘मोठा चेंडू’ म्हणतात ते यासाठी. दुसरा प्रश्न : वाटेत चेंडू एकमेकांना आडवे येऊन टक्कर तर होणार नाही ना? तिसरा : फटका साधला, तर पुढच्या फटक्यासाठी चेंडू कसे पडतील? आणि चौथा : फटका हुकला, तर समोरच्याच्या हाती काय लागेल?

यातला कोणता प्रश्न किती महत्त्वाचा, हे टेबल पाहून ठरत नाही. ते खेळणाऱ्याच्या हातावर ठरते. सातातले चार फटके वाया घालवणाऱ्याला चौथा प्रश्न सर्वांत मोठा असला पाहिजे, कारण बहुतेक वेळा त्याने मांडून ठेवलेला डाव समोरचा खेळणार आहे. तिनातले दोन साधणाऱ्याला तिसरा प्रश्न मोलाचा. म्हणून एकाच जागी पडलेल्या चेंडूंवर दोन खेळाडूंचा उत्तम फटका वेगवेगळा असू शकतो, आणि दोघेही बरोबर असतात. नवखा खेळाडू थोरांचा फटका उचलतो आणि थोरांच्या चुकीचे प्रमाण उचलायला विसरतो, तिथे त्याची फसगत होते.

कडांवरच्या खुणांचे गणित या कामी येत नाही का? येते, पण एका मर्यादेपर्यंतच. टेबलाच्या कडांवर समान अंतरावर ठिपके जडवलेले असतात आणि त्यांना अंक दिलेले असतात. सर्वांत प्रचलित पद्धतीत, चेंडू जिथून निघतो त्या जागेच्या अंकातून तिसऱ्या कडेवर जिथे पोहोचायचे तो अंक वजा केला, की पहिल्या कडेवर कुठे मारायचे ते कळते. ५० वरून निघून २० ला पोहोचायचे असेल, तर ३० वर मारा. हिशेब शाळकरी आहे. पण ५० वरून निघून २० ला जावेच का, हे त्यात कुठेही लिहिलेले नाही. गणित नेम सांगते. निवड खेळणाऱ्याकडेच राहते. बेल्जियमचे रेमंड क्यूलेमान्स यांनी १९६३ ते १९७३ अशी सलग अकरा वर्षे या खेळाचे विश्वविजेतेपद राखले. ठिपके तर त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या टेबलावरही तेच होते.

दुसरे उदाहरण विली हॉपी यांचे. १९०६ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्यांनी पॅरिसमध्ये मॉरिस व्हिन्यो या मातब्बर फ्रेंच खेळाडूला बॉकलाइनमध्ये हरवले. चेंडू जवळ आणून ठेवण्याची, हलक्या हाताची ती विद्या. पुढे अमेरिकेत प्रेक्षकांची आवड थ्री-कुशनकडे वळली आणि हॉपी यांना प्रौढ वयात नव्याने निवड करायला शिकावे लागले. १९४० ते १९४४ अशी सलग पाच वर्षे, आणि पुढे १९५२ पर्यंत पुन्हा पुन्हा, त्यांनी थ्री-कुशनचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. हात तोच होता. उत्तम फटक्याची व्याख्या मात्र त्यांना बदलावी लागली.

अमेरिकेत जे घडले तेच इंग्लंडात वेगळ्या रूपाने घडले, आणि ते आपल्याला जवळचे आहे, कारण आपल्याकडे आला तो इंग्लिश खेळ. त्याच्या टेबलाला सहा भोके. चेंडू तीनच, पण गुण मिळवण्याचे मार्ग अनेक : दोन चेंडूंना लागून कॅनन, चेंडू भोकात घालणे, किंवा दुसऱ्याला लागून आपलाच चेंडू भोकात घालणे. कॅननचे दोन गुण, तांबड्या चेंडूचे तीन. इथेही निष्णातांनी मेख शोधली. तांबडा चेंडू भोकात गेला की तो पुन्हा टेबलाच्या वरच्या अंगाच्या ठरलेल्या ठिपक्यावर ठेवला जातो. मग त्याच ठिपक्यावरून त्याच भोकात तो पुन्हा पुन्हा का घालू नये? विल्यम पील याने १८९० साली या रीतीने ३३०४ गुणांचा ब्रेक केला. १८९८ च्या नियमांनी त्या फटक्याला वेसण घातली. त्यानंतर टॉम रीस याने १९०७ मध्ये दोन चेंडू कोपऱ्यातल्या भोकाच्या ओठांवर अडकवून ठेवले आणि जवळजवळ पाच आठवडे त्यांना टिचक्या मारीत ४,९९,१३५ गुणांचा ब्रेक केला. कॅननला दोन गुण धरले, तर हे सुमारे अडीच लाख कॅनन होतात. पाहायला फारसे कोणी उरले नव्हते आणि हा विक्रम अधिकृत धरला गेला नाही. तो फटकाही बंद करण्यात आला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंडरमने कडेकडेने चेंडू नेत कॅननांची माळ लावण्याचे कौशल्य असे काही वाढवले, की १९३२ साली लंडनला त्याने ४१३७ गुणांचा ब्रेक केला. लगोलग, ठरावीक गुणांनंतर चेंडू टेबलाच्या खालच्या रेषेपलीकडे न्यावाच लागेल असा नियम आला.

पाहा, दोन खंडांतल्या या इतिहासाचा सारांश एकच निघतो. जो फटका निर्विवादपणे उत्तम ठरला, तोच नियमाने बाद केला गेला. ज्या खेळात उत्तर एकच असते तो खेळ पाहण्यात आणि खेळण्यातही राम उरत नाही. नियम करणाऱ्यांनी खेळाडूंचे कौशल्य कमी केले नाही. त्यांनी निवड परत आणली. उत्तम फटका हा चिरंतन सत्यासारखा नसतो. तो त्या त्या काळाच्या नियमांचा आणि त्या त्या हाताच्या मर्यादांचा असतो. इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये.

आता नागपूरकडे वळू. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईने भोसल्यांचे राज्य नावापुरते उरले आणि १८५३ मध्ये ते खालसा झाले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी बनले. सीताबर्डीच्या टेकडीच्या एका अंगाला जुना महाल, दुसऱ्या अंगाला साहेबांची सिव्हिल लाइन्स. याच प्रांतातले जबलपूर हे लष्करी ठाणे. तिथल्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने, टेबलावरच्या एका जुगारी खेळात आणखी रंगीत चेंडू मिसळून, एक नवा खेळ जमवला. स्नूकर तो हाच. वूलिचच्या लष्करी विद्यालयातल्या नवशिक्या पोरांना तिथल्या बोलीत स्नूकर म्हणत. एका सोबत्याचा सोपा चेंडू हुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला तसे चिडवले आणि नाव खेळालाच चिकटले. ही हकिगत चेंबरलेनने स्वतः १९३८ साली लंडनच्या एका नियतकालिकाला कळवली. सेंट लुईसच्या स्पर्धेला तेव्हा तीन वर्षांचा अवकाश होता. जगभर पसरलेला हा खेळ नागपूर ज्याची राजधानी त्या प्रांतात जन्मला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

स्नूकर या शब्दाला पुढे आणखी एक अर्थ आला, आणि तो आमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. समोरच्याला ज्या चेंडूला लागायचे आहे तो दुसऱ्या चेंडूच्या आडोशाला ठेवणे, म्हणजे स्नूकर करणे. इथे गुण न मिळवणारा फटकाच उत्तम ठरू शकतो. आडोशात सापडलेल्याला एक, दोन, कधी तीन कडांवरून वाट काढावी लागते. म्हणजे थ्री-कुशनमध्ये जो रोजचा व्यवहार, तो इथे अडचणीतून सुटण्याचा मार्ग.

पण या टेबलाने सीताबर्डीची टेकडी ओलांडून महालात प्रवेश केला नाही. त्याला कारणे होती. इंग्लिश बिलियर्डचे टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद. हिरव्या कापडाखाली पाटीच्या दगडाच्या जाड फरश्या. टनाहून अधिक वजन. त्याला स्वतंत्र दालन हवे, सपाट पक्की जमीन हवी, निगा राखणारा माणूस हवा. साहेबी क्लबांची दारे हिंदी माणसांना बहुतांशी बंद होती. जी पुढे उघडली ती वर्गणी परवडणाऱ्यांना. महालातल्या कारकुनाच्या, शिक्षकाच्या, सराफाच्या दुकानातल्या मुनिमाच्या घरात आला तो चार माणसांच्या मांड्यांवर मावणारा, फळीला चार भोके आणि चार पट्ट्या लावलेला बोर्ड. त्याच्याबरोबर शब्द आला, कडा आल्या, कोन आले. फक्त क्यूच्या जागी बोट आले आणि चेंडूच्या जागी सोंगटी.

मोठ्या टेबलावरही मराठी मुलखाने आपले नाव लावले, हे इथे नोंदवायला हवे. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्डचे विश्वविजेतेपद मिळवले. कोणत्याही वैयक्तिक खेळात विश्वविजेता ठरलेले ते पहिले भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी तो मान पुन्हा मिळवला. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीन वेळा विश्वविजेते झाले. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी ११४९ गुणांचा ब्रेक केला. १९९२ साली मुंबईत झालेल्या व्यावसायिकांच्या विश्वस्पर्धेत गीत सेठी यांचा ब्रेक होता १२७६ गुणांचा.

या ११४९ चा हिशेब मांडून पाहा. बहुतेक फटके दोन किंवा तीन गुणांचे असतात. म्हणजे चारशेच्या आसपास किंवा त्याहून अधिक फटके एकही न चुकता. थ्री-कुशनचा अजिंक्यवीर दर तिसऱ्या फटक्याला चुकतो, आणि इथे चारशेत एकही चूक नाही. याचा अर्थ फरेरा हे क्यूलेमान्स यांच्यापेक्षा श्रेष्ठ असा नव्हे. दोन खेळांनी दोन वेगळे प्रश्न विचारले. इंग्लिश बिलियर्डमध्ये, हात बसला की, ‘हुकले तर काय’ हा चौथा प्रश्न जवळजवळ मावळतो आणि ‘साधले तर पुढे काय’ हा तिसरा प्रश्न सारे टेबल व्यापून टाकतो. समोरचा फटका कसा मारायचा यापेक्षा त्यानंतरचा फटका सोपा कसा होईल, याचीच चिंता. म्हणूनच थोर बिलियर्डपटूचा खेळ अनभिज्ञाला नीरस दिसतो. त्याने अवघड फटका कधी मारलेलाच दिसत नाही. तो त्याच्यावर वेळच येऊ देत नाही.

आता पुन्हा ओसरीवर. कॅरम या दोन टोकांच्या मधोमध उभा आहे. इथे सोंगटी पडली की खेळ चालू राहतो. निष्णात खेळाडू एकाच पाळीत आपल्या नऊही सोंगट्या आणि राणी घेऊ शकतो. पण बहुतेकांची पाळी तीन-चार सोंगट्यांत संपते, आणि मग तुम्ही मोकळी केलेली वाट समोरचा वापरतो. म्हणजे तिसरा आणि चौथा, दोन्ही प्रश्न एकाच वेळी जागे असतात. शिवाय इथे पाचवा एक प्रश्न आहे : गुणफलक काय म्हणतो?

१९८८ साली चेन्नईत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कॅरम फेडरेशनच्या नियमांप्रमाणे गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा. बोर्ड जिंकणाऱ्याला समोरच्याच्या जितक्या सोंगट्या उरल्या तितके गुण. राणी त्यानेच घेऊन कव्हर केली असेल तर तिचे आणखी तीन. पण खेळाडूचे गुण २१ पर्यंत असतील तरच. २२ झाले की राणीचे गुण त्याला मिळत नाहीत. आता समजा, तुमचे १७ गुण आहेत आणि समोरच्याच्या पाच सोंगट्या बोर्डावर आहेत. राणीशिवाय बोर्ड जिंकलात तर २२. गेम अजून बाकी. राणीसह जिंकलात तर २५, खेळ खलास. इथे राणीसाठी धोका पत्करणे शहाणपणाचे. याच सोंगट्या, याच जागा, पण तुमचे २२ गुण असतील तर? राणीचे मोल तुमच्यासाठी शून्य. ती घेतल्याशिवाय शेवटची सोंगटी काढता येत नाही, एवढ्यापुरतीच ती तुमच्या वाटेतली अडचण. समोरचा मात्र २१ च्या आत असेल तर त्याला ती तीन गुण देईल. बोर्ड हुबेहूब तोच, आणि उत्तम फटका वेगळा. पाहणाऱ्यांतला जो कोणी ‘राणी घे बे!’ म्हणून ओरडतो, त्याने बोर्डाकडे पाहिलेले असते, गुणांकडे नव्हे.

भोकाच्या तोंडाशी ठेवलेल्या त्या सोंगटीचेही कोडे आता उलगडते. ती कधीही पडणार आहे, म्हणून ती घेण्याची घाई नाही. तिथे असेपर्यंत ती ते भोक समोरच्यासाठी अडवून ठेवते. तिला धक्का लावायला जावे तर ती पडण्याचे भय, आणि पडली तर गुण तिच्या मालकाचाच. शिवाय आपला हात कुठे अडलाच, तर पाळी टिकवायला हाताशी एक खात्रीचा फटका राहतो. आधी अडचणीची सोंगटी, मग सोयीची. अडचणीची उद्या अधिक अडचणीची होईल, सोयीची सोयीचीच राहील. दोन कडांवरून फिरवलेला फटका डोळ्याला सुखावतो, पण सरळ वाट मोकळी असताना तो मारणे म्हणजे चुकीची शक्यता विकत घेणे. वाट बंद असेल, सोंगटी तळरेषेच्या मागे दडली असेल, तेव्हा तोच फटका गरजेचा होतो, आणि गरजेचा झाला की तो उत्तमही होतो. मराठीच्या वर्गात अलंकाराविषयी आम्ही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो आहोत. बोर्डापाशी उभे राहिलो की मात्र आम्हीही दोन कडांच्या फटक्यालाच दाद देतो, हे कबूल केले पाहिजे.

थ्री-कुशनच्या निवडीची चर्चा अमेरिकेत, युरोपात पुस्तकांतून झाली, आकृत्या काढल्या गेल्या, अंक दिले गेले. कॅरमची आमची विद्या बहुतांशी तोंडीच राहिली. ती त्या उभ्या असलेल्या दहाबारा जणांत राहिली. डाव संपल्यावर ‘तू तिथे राणी कशाला घेतली?’ या वादात ती एकाकडून दुसऱ्याकडे जात होती. वाडे पडत आहेत, ओसऱ्या जात आहेत. बोर्ड कुठेही मांडता येईल, पण उभे राहायला जागा असलेली ओसरी सदनिकेच्या दिवाणखान्यात होत नाही. मोबाइलवरच्या कॅरममध्ये तर स्ट्रायकर कुठे जाईल त्याची रेषाच पडद्यावर उमटते. ती पाहून आम्हांला ठिपक्यांचे गणित आठवले. रेषाही नेमच सांगते. कोणती सोंगटी आधी, कोणती नंतर आणि कोणती मुळीच नाही, हे तीही सांगत नाही. आणि डाव संपल्यावर त्याचा जाब विचारायला मागे कोणी उभे नसते.

त्या संध्याकाळी पुकारा झाला तो पोराच्या फटक्याला. सोंगट्या पुन्हा मांडल्या जात असताना एकाने त्या वयस्क खेळाडूला, भोकाशी बसलेली सोंगटी का सोडली होती, असे विचारले. त्यांनी उत्तर न देता ती तिथे परत ठेवून दाखवली, आणि तीन-चार डोकी बोर्डावर वाकली.